भूपालअण्णांचा कान

ट्यूनिंगसाठी गाडी रस्त्यावर काढण्याआधी भूपालअण्णा डिकीत गुळाच्या दोन ढेपा ठेवायचे. गिऱ्हाईक चक्रावलं की म्हणायचे, "गाडी एकटी कवा फिरती का रं? बायको-पोरं बसल्यावर ती काय बोलती, ते ऐकायचंय मला."

अण्णा मूळ आष्ट्याचे, गॅरेज सांगलीत. इंजिनात बदल केलेल्या गाड्यांना पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, हे ते लॅपटॉपवर जुळवायचे. पण निकाल रस्त्यावर आणि कानाने. बढाई मात्र भरपूर. "इस्लामपुरात इंजिन खोकलं तर सांगलीत मला ठसका लागतोय," हे आवडतं वाक्य.

माझ्या जुन्या गाडीला ताकद वाढवणारा टर्बो बसवला तेव्हा ट्यूनिंग कुठे करायचं हे ठरवायला सवयीप्रमाणे मी कागदावर दोन रकाने आखले: रस्ता आणि डायनो. डायनोवर गाडी जागेवरच उभी राहते, चाकं रोलरवर पळतात आणि ताकद मोजली जाते. त्याच्या बाजूने लिहिलं: उसाचे ट्रॅक्टर आडवे येत नाहीत, पूर्ण वेगाची भीती नाही, तीच चाचणी पुन्हा घेता येते. रस्त्याच्या बाजूने: चढ, ऊन, माणसांचं वजन.

अण्णांनी कागद वाचला. "ताई, डायनोवर गाडी परीक्षेतलं बोलती, रस्त्यावर घरातलं. दोन्ही खरंच. पर नांदायचं घरात हाय."

मी रस्ता निवडला. माझं सासर साताऱ्याचं, म्हणून शेवटची चाचणी यवतेश्वरच्या घाटात. अण्णा चालवत होते, मी शेजारी. चढावर त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि डब्यात खडे हलावेत तसा आवाज आला.

"झ्याक!" अण्णा म्हणाले.

"आवं अण्णा, खडखडतंय की!"

"कुठं?"

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा खडखड. पेट्रोल अवेळी पेटल्याचा हा आवाज. दुर्लक्ष केलं तर पिस्टन जातो. तो ओळखण्यावरच अण्णांचं नाव उभं होतं. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"इंजिन न्हाई ताई, मीच बिघडलोय. कुणाला बोलू नका. गॅरेज बंद पडंल."

ठिणगी जरा उशिरा पडेल असं लॅपटॉपवर जुळवून आम्ही गाडी सांभाळत खाली आणली. उतरताना मला एक प्रश्न सुचला. "अण्णा, डायनोच्या त्या गोंगाटात डायनोवाले हा आवाज कसा ऐकतात हो?"

अण्णांनाही माहीत नव्हतं. डायनो पुण्यात, मग तिकडे जाणं आलंच.

तिथल्या माणसाने इंजिनाला आतला आवाज टिपून मोठा करणारा एक छोटा सेन्सर घट्ट बसवला आणि अण्णांच्या हातात हेडफोन दिले. रोलर गरजू लागले. अचानक अण्णांनी त्याचा खांदा धरला. "आलं! बंद कर गड्या, आलं!"

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "यंत्र बरं हाय. माझ्यापरीस जरा कमी."

तसाच सेन्सर त्यांनी रस्त्यासाठी घेतला. पण हेडफोन लावले की मागचा हॉर्न ऐकू येईना, म्हणून गाडी मालकाने चालवायची असा नियम झाला. पहिली चालक मी.

पुन्हा यवतेश्वर. अण्णा शेजारी, कानाला हेडफोन, डोळे मिटून.

"दाबा ताई."

दाबलं. इंजिन एका सुरात चढत होतं. अण्णांचा हात वर गेला. "आलं! सोडा."

मी काच खाली केली आणि पुन्हा दाबून पाहिलं. मला काहीच ऐकू आलं नाही.

"ऱ्हाऊ द्या," अण्णा हसले. "ह्यो आवाज बारीक हाय. तुमच्या कानाला लय वर्षं लागतील."