युस्टेसची मुंग्या गाळणारी पेटी

त्या वर्षी युस्टेसने देवाकडे एकच गोष्ट मागितली. कुणाच्या तरी घशात माशाचा काटा अडकू दे. मला पक्कं ठाऊक आहे, कारण चर्चमध्ये मेणबत्ती लावायला जाताना काडेपेटी त्याने माझ्याकडूनच नेली होती.

ही १९७४ सालची गोष्ट. अंधेरी पूर्वेला डॉक्टर श्यामसुंदरांचं नर्सिंग होम होतं आणि मी तिथे दारापाशी बसून केसपेपर लिहायची. युस्टेस आमचा एक्स-रेवाला, मरोळ गावठाणातला. आधी तो सांताक्रूझच्या विमानतळावर वायरलेसची यंत्रं दुरुस्त करायचा. साहेबाने एकदा बिघडलेलं यंत्र फेकायला सांगितलं. याने ते चालू करून साहेबाच्याच टेबलावर ठेवलं आणि चारचौघांत विचारलं, "आता काय फेकू?" त्यानंतर तो आमच्याकडे आला.

डॉक्टरांनी नुकतंच एक सेकंडहँड मशीन घेतलं होतं. पेशंटच्या अंगातलं हलतं चित्र त्यात टीव्हीसारख्या पडद्यावर दिसायचं. दिसायचं म्हणजे काय, तर मुंग्या दिसायच्या. पडदाभर काळ्यापांढऱ्या मुंग्यांची वळवळ आणि तिच्यामागे कुठेतरी पेशंट. डॉक्टर पडद्याला नाक लावून बघायचे आणि डोळे चोळत बाहेर यायचे.

युस्टेसने चार महिने खपून यावर एक पेटी बनवली. जुन्या रेडिओतल्या कॉइल, कपॅसिटर आणि वरून पत्र्याचा बिस्किटांचा डबा. मशीन आणि पडदा यांच्यामध्ये ती जोडायची. चहा गाळतो तसं ती चित्र गाळायची. बारीक कचरा मागे राहणार, मोठं तेवढं पडद्यावर येणार. पेटीवर एक खटका होता. वर केला की गाळणी चालू, खाली केला की पुन्हा मुंग्या.

पेटीची चाचणी त्याने डॉक्टरांच्या अपरोक्ष घेतली, आणि तेच बरं केलं. डॉक्टर कांदासुद्धा न खाणारे, आणि हा पठ्ठ्या बाजारातून डुकराची मान घेऊन आला! काटा अडकलेल्या माणसाला आम्ही बेरियमच्या पांढऱ्या पाण्यात बुडवलेला कापसाचा पुंजका गिळायला द्यायचो. कापूस काट्याला अटकायचा आणि पडद्यावर तिथे ठिपका दिसायचा. युस्टेसने त्या मानेत घरच्या पापलेटचा काटा खोचला, त्याला बेरियमचा कापूस गुंडाळला आणि मशीन लावलं. ठिपका वाटाण्याएवढा, झकास दिसला. त्या मानेचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. ईस्टरला त्याच्या घरचं डुकराच्या मांसाचं सोरपोतेल मात्र मी दोनदा वाढून घेतलं.

डॉक्टरांनी अट घातली. "येत्या शुक्रवारी काट्याची केस येईलच. तुझ्या पेटीतून काटा दिसला तर पेटी कायमची बसवू. नाही दिसला, तर भंगारात."

शुक्रवारच का, तर ईस्टरच्या आधीचे ते उपासाचे दिवस होते. शुक्रवारी मटण बंद, मासे चालतात. त्यामुळे गावठाणात घरोघरी मासे शिजायचे आणि दुपारी तीनच्या सुमाराला एखादा काटा आमच्या दारात हमखास हजर व्हायचा.

त्या शुक्रवारी तो आला. देवाने युस्टेसचं ऐकलं होतं, पण काटा अडकवला त्याच्याच सासूच्या घशात.

ग्रेसमावशी कुजबुजली तरी गल्लीला ऐकू जायची. बिस्किटांचा तो डबासुद्धा तिचाच, न विचारता उचललेला, आणि त्यावरून महिनाभर ती जावयाचा उद्धार करत होती. आज तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. एक हात गळ्यावर, दुसऱ्या हातात लाळ पुसायला रुमाल. शेजारी युस्टेसची बायको ल्युसी रडकुंडीला आलेली. "अरे, भिंग मासा खाल्ला तिने! एकटीने दोन तुकडे!"

"ममा, बोला ना काहीतरी," युस्टेस म्हणाला. देवाशपथ सांगते, तो मनातून खूश होता. मलाही हसू आवरेना.

ममाला मशीनसमोर उभं केलं, कापूस गिळायला दिला. मी केसपेपर घेऊन दारात थांबले. खटका वर. पडदा इतका स्वच्छ की डॉक्टर "वा!" म्हणाले. मानेचे मणके अगदी सुबक दिसत होते. ठिपका मात्र नव्हता.

"काही नाही, आजी. काटा गेला खाली. गिळताना खरचटलंय, ते टोचतंय. घरी जा." मग ते वळून म्हणाले, "काटाच नाही, तर दिसणार काय? चित्र लख्ख आहे. युस्टेस, पेटी पास!"

चार महिन्यांची मेहनत फळाला आली होती. युस्टेसने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. पण तो सासूकडे बघत राहिला. तिने थुंकी गिळायचा प्रयत्न केला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. भांडणात जिने उभ्या गावठाणाला रडवलं, तिला रडताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याचा चेहरा एकदम उतरला. मलाही माझ्या हसण्याची लाज वाटली.

"भिंग," तो पुटपुटला. "आयला, भिंगाचा काटा केसासारखा असतो! मी पापलेटवर बेतलं सगळं."

आणि त्याने स्वतःच्या हाताने खटका खाली केला.

मुंग्या परत आल्या. डॉक्टर वैतागून काही बोलणार, तेवढ्यात युस्टेसने पडद्यावर बोट ठेवलं. "डॉक्टर, ही बघा. बाकीच्या सगळ्या नाचतायत. ही एकटी जागची हलत नाही."

जिभेच्या मुळाशी, मोहरीएवढी एक मुंगी गप्प बसली होती. डॉक्टरांनी लांब चिमटा मागवला. दोन मिनिटांत काटा बाहेर आला, त्याला चिकटलेल्या कापसाच्या तंतूसकट.

ग्रेसमावशी घोटभर पाणी प्यायली, तिने घसा खाकरला आणि आमच्या नर्सिंग होमच्या काचा हादरल्या. "मेल्या, पापलेट खाणाऱ्याला काटा काय कळणार! आणि माझा डबा दे!"

डबा तिला मिळाला. पेटीच्या आतलं सामान उघडं पडलं आणि युस्टेस दोन दिवस त्यातच डोकं खुपसून बसला. तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन बसला.

"कुंदा, मी उलटं केलं गं. बारीक ते गाळलं. गाळायचं होतं ते नाचणारं."

मग त्याने पडद्यासमोर साधा फोटोचा कॅमेरा लावला आणि त्याचं झाकण सेकंदभर उघडं ठेवलं. तेवढ्यात नाचणाऱ्या मुंग्या एकमेकींत मिसळून पुसट झाल्या आणि जागेवर बसलेलं ते ठसठशीत उमटलं. बाजारातून पुन्हा मान आली. डॉक्टरांना मी तेव्हाही काही सांगितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी तीन वाजता ग्रेसमावशी पुन्हा दारात हजर. पुन्हा काटाच, असं समजून मी केसपेपर पुढे ओढला, तर तिने माझ्या टेबलावर तोच बिस्किटांचा डबा आदळला. आत कागदाच्या पुड्या होत्या. भिंग, पाला, मांदेली. प्रत्येक माशाचे काटे धुऊन, सुकवून वेगळे बांधलेले.

"जावयाला दे," ती म्हणाली. "आणि डबा राहू दे त्याच्याकडे."