मॅडम घरी आल्या तो रविवार

दर शनिवारी कॉलेज सुटलं की मॅडम आम्हा सात-आठ मुलींना लायब्ररीमागच्या खोलीत बसवून घ्यायच्या. स्त्रीवाद हा शब्द मी तिथंच पहिल्यांदा ऐकला. एकेकीला उभं करून त्या मोठ्यानं ‘नाही’ म्हणायला लावायच्या. “हसू नका गं. नाही म्हणताना हसलं की लोक त्याचा हो करतात.” मी त्यांच्यावर जीव टाकायचे. केसांची क्लिप त्यांच्यासारखी, तिरकं अक्षरही त्यांच्यासारखं. आई चिडवायची, “आता तेवढा चष्मा लावायचा ऱ्हायलाय.”

मला एम.ए.ला पुण्याला जायचं होतं. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला. ते काही दाद देईनात. शेवटी मीच अक्कल पाजळली. विचारलं, “मॅडम सांगतील ते ऐकाल?”

“ऐकीन. पन मंग तू बी ऐकायचं. कुरकुर न्हाई पायजे.”

मी खुशीत कबूल झाले आणि सोमवारी सगळं मॅडमना सांगून टाकलं. “येते रविवारी,” त्या म्हणाल्या. “काळजी करू नकोस.”

रविवारी त्या आल्या, सोबत बहीण, मेहुणे आणि भाचा. मला वाटलं, शिर्डीला निघालेत, वाटेत थांबले असतील. मी हौसेनं पोहे केले, वरून खोबरं पेरलं. ट्रे घेऊन बाहेर आले तर मॅडम बहिणीला सांगत होत्या, “हुशार आहे, पण वळण चांगलंय. मोठ्यांच्या शब्दाबाहेर नाही.” हा मुलगी बघायचा कार्यक्रम होता आणि पोहे मी माझ्याच हातानं केले होते.

“मॅडम, पुण्याचं काय?”

“अगं, लग्नानंतर शीक की. यांची काही हरकत नाही.”

वडील माझ्याकडं बघत होते. “तुझ्याच मॅडम म्हनत्यात. आता बोल.”

वडिलांचा विरोध उघड होता, त्याचं एवढं वाईट वाटलं नव्हतं. या बाईंनी मात्र केसानं गळा कापला.

ट्रे खाली ठेवून मी म्हणाले, “नाही.” अजिबात हसले नाही.

हसल्या त्या मॅडम. बहिणीकडं वळून म्हणाल्या, “लाजतेय.”

“लाजत नाही. मला लग्न करायचं नाही.”

पोहे तसेच टाकून पाहुणे गेले. शब्द मी मोडला म्हणून वडिलांनी पुण्याचं नावच काढू दिलं नाही. एम.ए. मी घरी बसून, बाहेरून केलं. मॅडम त्या रविवारनंतर वर्गात माझ्याकडं बघायच्या नाहीत. शनिवारी मागच्या खोलीतून मुलींचं ‘नाही, नाही’ मात्र ऐकू यायचं.

आता मी राहात्याच्या एका शाळेत शिकवते. त्यांच्यासारखी क्लिप मी कधीच फेकून दिली. अक्षर काही जात नाही. फळ्यावर लिहिताना ते तिरकं दिसतं आणि मला अजून संताप येतो.