आधी विचारणाऱ्या बाई

आमच्या नरडाण्याच्या तेल कारखान्यात कॉम्प्युटरवर एआय सहायक आला. त्याला गोदामाचा साठा, गाड्यांचं बुकिंग आणि मेल जोडून द्यायला धुळ्याहून एक बाई आल्या होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

दारात चपला काढून त्या आत आल्या. काहीही जोडण्याआधी त्या कीबोर्ड सोडून उठायच्या आणि ज्याचं काम असेल त्याच्या टेबलाशी जाऊन विचारायच्या, "यानं तुमचं बघितलं तर चालेल ना?" साहेबांनी केव्हाच होकार दिलाय, असं मी म्हणालो तेव्हा त्या हसल्या.

"साहेबांनी दार उघडलंय. कपाटं तुमची आहेत."

गोदाम सांभाळणाऱ्या नानांना कित्येक वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. ते खुर्चीत सरळ झाले. "देखू दे त्याले. पन माले इचार्‍याबिगर हात लावाना नही."

बाईंनी अगदी तसंच बसवून दिलं.

परवा साहेबांनीच सहायकाला गोदामातले तेलाचे डबे जळगावच्या गाडीत बुक करायला सांगितलं. स्क्रीनवर उत्तर आलं, "यासाठी नानांची परवानगी लागेल." अख्खं ऑफिस हसलं, साहेबसुद्धा. नानांनी आधी चष्मा पुसला, चहा संपवला आणि मग म्हणाले, "काय काम शे, सांगा."