आर्डिसला किळस येते

आर्डिस टॉलफसनला कशाची किळस येत नव्हती ते सांगणं सोपं, कारण ती यादी फार छोटी होती. किसलेलं गाजर घातलेल्या जेलीची तिला किळस यायची, आणि अमेरिकेत, आयोवातल्या तिच्या गावात चर्चचं एकही जेवण त्या जेलीशिवाय पार पडत नसे. पाद्रीबाबांच्या ओलसर हाताची यायची. लोक मे महिन्यात थडग्यांवर प्लास्टिकची फुलं खोचतात आणि पुढच्या मेपर्यंत फिरकत नाहीत, त्याची तर इतकी यायची की ती फुलं दोन बोटांत धरून ती स्वतः कचऱ्यात टाकून यायची. लग्नात केकवर माशी बसली तेव्हा ती "शी" म्हणाली, ते फोटोतसुद्धा ऐकू येतं, असं तिचा नवरा लीलंड सगळ्यांना सांगायचा.

लीलंड चर्चच्या दफनभूमीची देखभाल करायचा. आयुष्यभर त्याने तिथलं गवत कापलं, पण मागच्या उताराला कधी यंत्र लावलं नाही. त्या उतारावर नांगरही कधी फिरला नव्हता. चहूकडे नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन, आणि मूळच्या माळाचा हा एवढाच तुकडा उरलेला. जुलैत तिथे मिल्कवीड फुलायचं. आपल्या रुईच्या कुळातलंच ते, मोडलं की पांढरा चीक गळणारं, गुलाबी फुलांचे गेंद मिरवणारं. त्याचा गोड वास चर्चच्या दारापर्यंत यायचा. लहानपणी वडिलांच्या सोयाबीनमधून हेच झाड आर्डिसने विळ्याने कापून काढलं होतं, आणि आता नवरा त्यालाच राखत बसला होता. "खुळाच आहे," असं म्हणत ती जेवणाचा डबा घेऊन उतारावर त्याच्या शेजारी जाऊन बसायची.

लीलंड गेला, त्याला त्या उताराच्या कडेलाच माती दिली. तेव्हापासून आर्डिस रोज दुपारी घडीची खुर्ची घेऊन तिथे जाऊ लागली. तिथे बसून करायची काय, तर किळस. कोवळ्या शेंड्यांना पिवळा मावा असा लगडलेला की देठ दिसू नये. झाडावरचे काळे-केशरी ढेकूण जोडी जमवून, पाठीला पाठ लावून, भर दिवसा गावच्या पूर्वजांच्या डोक्यावर चाललेले. लाल भुंगेरे पानाची शीर कुरतडून चीक गाळायचे. फुलाच्या खाचेत भुंग्याचा पाय अडकला की तो गुरगुरत हिसके द्यायचा. कधी सुटायचा, कधी पाय तिथेच ठेवून जायचा. मोनार्क फुलपाखरांच्या पट्टेरी अळ्या खायच्या आणि खाल्लं त्याच पानावर हगायच्या. आर्डिस हे सगळं पापणी न लववता बघायची आणि रविवारी चर्चमध्ये कॉफी पिताना साग्रसंगीत सांगायची. ऐकणाऱ्यांच्या हातातला केक हातातच राहायचा.

घोळ झाला तो तिथे. दफनभूमीच्या समितीची प्रमुख केलीन व्हॉस हिने ते मनावर घेतलं.

"आर्डिस, तुमचा त्रास संपला म्हणून समजा," केलीनने बैठकीत जाहीर केलं. "मागचा उतार आपण साफ करतोय. औषध मारायचं, सगळं वाळलं की तिथे फुलपाखरांची बाग लावायची. बियांची पाकिटं मागवलीत, बाक येतोय, छानशी पाटी येतेय. तुमच्यासाठीच हो! दर रविवारी बिचाऱ्या शी शी करत असता."

फुलपाखरांची बाग लावायची म्हणून फुलपाखरांचा संसार जाळायचा! ही अक्कल एकट्यादुकट्या माणसाला सुचत नाही, त्याला समितीच लागते.

आर्डिसला तो उतार हवा होता, माव्यासकट, हगणाऱ्या अळ्यांसकट. लीलंडचं म्हणून तिच्यापाशी तेवढंच उरलं होतं. पण काही हवंय असं म्हणायची तिच्या जिभेला सवय नव्हती.

"किळसवाणा प्रकार आहे हा," ती म्हणाली.

"हो ना! म्हणून तर!" केलीन म्हणाली आणि सगळे हसले. भराभर हात वर झाले, ठराव झाला.

गुरुवारी सकाळी फवारणीवाला डुएन टाकी घेऊन आला. पाहतो तर उतारावर मधोमध, कमरेइतक्या मिल्कवीडमध्ये, आर्डिस खुर्ची टाकून बसलेली.

"बाई, उठा. औषध मारायचंय."

"मार की."

"तुमच्यावर कसं मारू?"

"मग नको मारूस."

डुएनने केलीनला फोन लावला. ती येईपर्यंत किड्यांना आर्डिसचा पत्ता लागला. ढेकणांची एक जोडी जोडीनेच तिच्या बाहीवरून कॉलरकडे निघाली. चिकाने हात चिकट झाले, त्यावर मुंग्या आल्या. एक अळी मानेवरून कानामागे चढू लागली. आर्डिसच्या अंगावर काटा आला, पण तिने काही झटकलं नाही. एकदा झटकायला लागलो की आपण उठून पळत सुटू, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

केलीन धापा टाकत आली आणि कडेलाच थबकली.

"अहो आर्डिस! तुमच्या मानेवर... ई! काय ते! एवढं प्रेम होतं तर आधी सांगायचं ना!"

"प्रेम? कुणावर? घाणेरडे आहेत मेले. बघवत नाही."

"मग मरू द्या की!"

आर्डिसने मानेवरची अळी चिमटीत धरली, तोंड वाकडं करून पानावर ठेवली आणि केलीनकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"केलीन, मला तुझीही किळस येते," ती म्हणाली. "तीस वर्षं चर्चच्या बाकावर तुझ्या शेजारी बसतेय. कधी औषध मारलं का?"

डुएनने कुणालाही न विचारता नळी गुंडाळायला घेतली.