सामुएलच्या साक्षीतलं खोडलेलं वाक्य

ऐंशीच्या दशकातल्या एका डिसेंबरात मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या न्यायालयात एका साक्षीदाराने देवाची शपथ घ्यायला नकार दिला. ती बातमी मी लिहिली. तिच्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि बातमी खोटी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही.

साक्षीदार सामुएल. सरकारी दवाखान्यातला ड्रेसर – जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा. छत्तीसगडकडून बदलून आलेला, पंथाने मेनोनाइट. ही माणसं ख्रिस्ती. पण शपथ घेत नाहीत, कुणावर हात उचलत नाहीत, बाप्तिस्मा समजत्या वयात स्वतः मागून घेतात. प्रभुभोजनाच्या दिवशी एकमेकांचे पाय धुतात. हे त्यानेच मला दवाखान्याच्या बाकावर सांगितलं होतं – मी विचारलं म्हणून. कशासाठी विचारलं? चहाच्या टपरीवर सांगून लोकांना हसवायला. मी नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. गावात माझ्याहून हुशार कुणी नाही, अशी माझी खात्री होती.

एकदा तो टपरीवर आला, तेव्हा चौघांदेखत मी चप्पल काढून पाय पुढे केला. "काय गा सामुएल, माहे पाय धुतो काय?"

"बैठिए भैया, पानी लाता हूँ," तो म्हणाला. आणि खरंच टपरीवाल्याची बादली उचलून निघाला. लोक हसले – पण माझ्याकडे बघून. मी पाय मागे घेतला.

तेवढंच. तेवढ्यावरून माणूस कुणाचं वाटोळं करतो का? मी केलं.

खटला अपघाताचा होता. कापूस वेचून घरी जाणाऱ्या एका बाईला जीपने उडवलं होतं, आणि सामुएलने ते पाहिलं होतं. त्याने शपथेला नकार दिल्यावर न्यायाधीशांनी, कायद्यात सोय आहे तशी, देवाचं नाव न घेता खरं सांगण्याची साधी प्रतिज्ञा त्याच्याकडून घेतली. मग तो अर्धा तास बोलला – जीपचा नंबर, चालकाचं नाव, सगळं. मी नकाराचं वाक्य लिहिलं. खाली प्रतिज्ञेचं आणि साक्षीचंही लिहिलं. मग ते दुसरं वाक्य खोडलं.

गावाने लगेच निकाल दिला. ज्या गावात भाजीच्या जुडीवरून देवाची शपथ घेतात, त्या गावाने. जीपवाल्याने ह्याला फोडला, असं ठरलं. सामुएलचा घरमालक टपरीवर मोठ्याने म्हणाला, "शपथ नाही घेत म्हणते! मंग खोटंच बोलाचं असन ना त्याले? अन् अशा माणसाले मी घरात ठेवून राहिलो!"

मी त्याच्या समोरच बसलो होतो. मला सगळं माहीत होतं. मी चहा संपवला.

आठवड्यात सामुएलची खोली गेली. तो कात्रण घेऊन माझ्याकडे आला.

"भैया, आपने आधा लिखा है।"

"पेपर में जगह नहीं थी," मी म्हणालो.

कात्रण त्याच्या हातात होतं. माझ्या बातमीखाली जागा उरली म्हणून तिथे संत्र्याचे भाव दुसऱ्यांदा छापले होते. ते त्याला दिसलं नसेल? त्याची नजर तिथेच होती. मग माझ्याकडे. "अच्छा," तो म्हणाला, आणि कात्रणाची घडी घालून खिशात ठेवली. भांडला नाही. त्या न भांडण्याची मला किळस आली – तेव्हा मला वाटलं, त्याची.

पुढे त्याच साक्षीवर चालकाला शिक्षा झाली. निकालाची बातमीही मीच दिली. तिच्यात साक्षीदाराचा उल्लेख केला नाही.

सामुएलने बदली मागितली. अर्ज मला दवाखान्यातल्या बाबूने दाखवला. कारणाच्या जागी एकच ओळ होती – सौंसरमध्ये राहायला खोली मिळत नाही. अर्ज मंजूर झाला. दैनिकात खुलासा छापला गेला नाही.