खाला आणि माझी तक्रार

दवाखान्यातल्या आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात कुठल्याच बाईला नाव नव्हतं. खाला सगळ्यांना एकच हाक मारायची, "ए दूधवाली!" तीही दारातून, खणखणीत आवाजात. यवतमाळच्या कॉलेजात शिकवणाऱ्या मला ती हाक ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

खाला म्हणजे नवजात बाळांच्या कक्षातली जुनी सिस्टर; सगळा दवाखाना तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणे. माझी जुई सातव्या महिन्यातच जन्मली, सव्वा किलोची. काचेच्या पेटीत, नाकात नळी. खाला दर दोन तासांनी स्टीलची वाटी घेऊन खाटेशी येई आणि मला हाताने दूध काढायला बसवी. पहिल्या दिवशी जेमतेम चार थेंब निघाले. मी रडले. ते थेंब सिरिंजमध्ये ओढत ती म्हणाली, "रडून काहून राह्यली? तिचं पोट बोराएवढं. अन् डोकं अजून बनून राह्यलं. पोटात असती तर आयतंच भेटलं असतं तिले. आता हेच द्या लागते."

पावडरच्या दुधाचं नाव काढलं की ती चिडे. "डॉक्टर सांगतीन तवा पाहू. पहिले तुह्यं."

तिसऱ्या दिवशी टाके दुखत होते, अंगात त्राण नव्हतं. ती आली तेव्हा मी म्हणाले, "आत्ताच काढून दिलं." तिने पेटीजवळची नोंद पाहिली आणि सगळ्या बायांसमोर म्हणाली, "खोटं माह्याशी बोल, लेकराशी नको बोलू."

त्याच दुपारी मी तक्रार लिहिली. 'उद्धट वागणूक', 'अपमानास्पद भाषा'. नवऱ्याच्या ओळखी होत्या. दोन दिवसांत खालाला इंजेक्शनच्या खोलीत हलवलं. मग मला उठवायला कोणी आलं नाही आणि मीही उठले नाही. थोड्याच दिवसांत दूध आटलं. जुई पावडरवर वाढली.

ती उशिरा बसली, उशिरा चालली. सहाव्या वर्षीही शब्द जुळवायला तिला वेळ लागतो. डॉक्टर म्हणतात, इतक्या लवकर जन्मलेल्या मुलांत असं होऊ शकतं, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. घरच्यांचं त्याने समाधान झालं. मला मात्र त्या रिकाम्या राहिलेल्या वाट्या दिसतात.

गेल्या महिन्यात जुईला घेऊन नेरला गेले. निवृत्तीनंतर खाला तिथे भावाकडे राहते. दारातच सांगून टाकलं, "ती तक्रार मी केली होती."

"मालूम आहे. अक्षर लई साजरं होतं तुह्यं." ती हसली. "माह्यं काही बिघडलं नाही, बाई. तिकडं बसाले खुर्ची होती. पण वॉर्डात त्या बायांजवळ मंग कोण बसलं असन?"

इतक्या वर्षांत हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

तिने जुईला जवळ घेतलं. "नाव काय तुह्यं, बेटा?"

जुईचे ओठ हलले. सवयीने मीच उत्तर द्यायला तोंड उघडलं. खालाने माझ्या हातावर हात ठेवला. "तू नको. तिले बोलू दे. आपल्याले कुठं घाई आहे?"

आम्ही थांबलो. चहा आला, त्यावर साय धरू लागली.

"जु... ई," पोर म्हणाली.

खालाने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ तिच्याकडेच पाहत राहिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, ते बरं झालं.