उशिराचं कारण

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी डेपोत होतो. सिडनीच्या पश्चिम भागातल्या बसची वेळापत्रकं तयार करणं हे माझं काम. ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि उशिराचं कारण, या तीन रकान्यांत माझा दिवस जातो. वैशालीचा, मिलिंदच्या बायकोचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा चाळीस झाले होते. "अजय, मिलिंद गेला," एवढंच ती म्हणाली आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे?"

तो ड्रायव्हिंग शिकवायचा. त्या सकाळी पंचावन्न वर्षांच्या एक बाई त्याच्याकडे दुसऱ्यांदाच शिकायला आल्या होत्या. क्वेकर्स हिलच्या एका रस्त्यावर तो त्यांना शांतपणे म्हणाला, "गाडी बाजूला घ्या. इंडिकेटर द्या. घाई नाही." त्यांनी गाडी नीट कडेला लावली, हँडब्रेक ओढला आणि शाबासकीसाठी त्याच्याकडे पाहिलं... हार्ट अटॅक. वय एक्कावन्न.

याला आता सात आठवडे झाले. पहिल्याच आठवड्यात वैशालीने मला विचारलं होतं, "तुम्ही दोघं लिस्बनला फिरलात तेव्हा त्याला काही होत होतं का रे? तू तीन दिवस सतत बरोबर होतास." मी म्हणालो, "छे, ठणठणीत होता." हे मी न तपासता बोललो. मी न तपासता सहसा बोलत नाही, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

आमची ओळख बावीस वर्षांची. युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत असताना आम्ही एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायचो. तो वसईचा, मी नाशिकचा. फ्रिजवर मी कामांचा तक्ता लावला होता. कोण भांडी घासणार, कोण कचरा काढणार, झालं की नाही, नसेल तर का. मिलिंदला हा तक्ता म्हणजे करमणूक वाटायची. 'भांडी – झाली नाहीत – कारण: भांड्यांची मनःस्थिती ठीक नव्हती.' मी चिडायचो. तो म्हणायचा, "अरे, कारणाचा रकाना तूच ठेवलास ना? मग मी भरतो." पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, घरं दहा मिनिटांच्या अंतरावर घेतली. माझ्या बायकोला गाडी त्यानेच शिकवली. तिने राउंडअबाउटवर तीनदा गाडी बंद पाडली तेव्हा मागे हॉर्न वाजत होते आणि हा म्हणत होता, "वाजू देत वहिनी, त्यांच्याकडे हॉर्न आहे, आपल्याकडे वेळ आहे."

गेल्या मे महिन्यात एका मित्राच्या मुलीच्या लग्नाला आम्ही दोघंच लंडनला गेलो. परतीच्या विमानाआधी तीन दिवस मोकळे होते. लिस्बन हे मिलिंदने सुचवलं. "लहानपणभर वसईला या पोर्तुगीजांच्या किल्ल्यात क्रिकेट खेळून भिंतींची वाट लावलीये. एकदा जाऊन सॉरी म्हणून येऊ." मला शहर कोणतंही चाललं असतं. तीन दिवसांत बावीस ठिकाणं बसवून मी तक्ता छापून घेतला. रकाने तेच, डेपोतले.

लिस्बन हे चढउतारांचं शहर. अरुंद गल्ल्या, त्यांत पायऱ्या, पायऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, आणि चढ संपला असं वाटतं तिथे पुन्हा पायऱ्या. पहिल्या दिवशी दुपारीच मिलिंद मागून म्हणाला, "थांब रे, एक फोटो."

"कसला? नुसती भिंत आहे."

"टाइल्स बघ की. निळ्या."

तीन मिनिटं गेली. मी पेन काढून कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मि. – फोटो'. मग ते वारंवार लिहावं लागलं. दुसऱ्या दिवशी एका चढाच्या तळाशी तो म्हणाला, "ट्रामने जाऊ या ना. पिवळी, छोटी, गोड आहे."

"रांग चाळीस मिनिटांची आहे. चालत अठरा मिनिटं लागतात."

"तुझी अठरा."

"तुझीही अठराच. तुझे पाय माझ्यापेक्षा लांब आहेत."

तो हसला आणि चालू लागला. अठराच्या जागी एकतीस मिनिटं लागली. तीन वेळा फोटो.

तिसऱ्या दिवशी शेवटचं ठिकाण टेकडीवरचा किल्ला. ज्याच्यासाठी आलो तोच. पायथ्याच्या छोट्या चौकात बाकावर बसून मिलिंद म्हणाला, "तू जाऊन ये. मी बसतो."

"म्हणजे? किल्ला बघायचा म्हणून तूच आणलंस इथे!"

"वसईला पाहिलाय. तसाच असेल, जरा आवरलेला."

"सिडनीहून येऊन पायथ्याशी बसून राहायचं? लोक हसतील."

"हसू देत. जा मेट, तुझा तक्ता चुकतोय."

माझा पारा चढला. मी त्याच्यासमोरच रकान्यात एक शब्द लिहिला, 'हट्ट', आणि तक्ता पेनासकट बाकावर टाकून एकटाच वर गेलो. रागात पायऱ्या भराभर चढलो, वर मात्र रेंगाळलो. परत आलो तर तो त्याच बाकावर, बूट काढून बसलेला. शेजारच्या दुकानातून माझ्यासाठी कस्टर्ड टार्ट आणून ठेवला होता. "गार झाला," तो म्हणाला, "तू बारा मिनिटं लेट आहेस." त्याने पेन आणि घडी केलेला तक्ता माझ्या हातात दिला. मी तो तसाच बॅगेत कोंबला. टार्ट खाल्ला, पण चांगला आहे असं म्हणालो नाही.

गेल्या महिन्यात मिलिंदची मुलगी इरा हिने मला त्याचे लिस्बनचे फोटो पाठवले. घरी लावायला एक हवा होता. "काका, तुम्हीच पिक करा प्लीज. आय कान्ट." एकूण एकतीस फोटो. मी पहिला उघडला. भिंत. निळ्या टाइल्स दिसतात, पण धूसर, तिरप्या. दुसऱ्यात लोखंडी कठडा आणि त्याचा हात. पुढे पायऱ्या, गटाराची जाळी, त्याचेच बूट. नऊ फोटोंमध्ये माझी पाठ आहे, वर चढत चाललेली, प्रत्येक वेळी थोडी लांब. घरात लावण्यासारखा एकही नाही. ज्याला फोटो काढायचा असतो तो असे काढत नाही.

मी बॅगेतून तक्ता काढला आणि फोटोंच्या वेळा पडताळल्या. माझ्या 'मि. – फोटो'च्या नोंदी सव्वीस. सव्वीसच्या सव्वीस जुळल्या. पहिल्या दिवशी तीन-चार मिनिटांचा उशीर, दुसऱ्या दिवशी सहा, आठ, तिसऱ्या दिवशी नऊ, अकरा. कोणत्याही बसचे असे आकडे आले असते तर मी त्याच संध्याकाळी गाडी तपासायला लावली असती. इथे आकडे माझ्याच हातचे होते आणि खाली मी लिहिलं होतं, हट्ट. मी डॉक्टर नाही. वेळेवर तपासणी झाली असती तर तो वाचला असता की नाही, हे मला ठाऊक नाही. पण वैशालीला मी खोटी माहिती दिली होती, हे नक्की होतं.

पुढचे नऊ दिवस मी काहीच केलं नाही. घरात फेऱ्या मारायचो. बायको म्हणायची, "बस ना जरा." दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, तक्ता घेऊन गेलो. वैशालीसमोर तो ठेवला आणि म्हणालो, "मी सांगितलं ते चूक होतं. त्याला दम लागत होता. मी दर वेळी लिहून ठेवलं आणि मला कळलं नाही."

तिने बोट ठेवत एकेक ओळ वाचली. बराच वेळ. मग म्हणाली, "मला गुडघे दुखतात म्हणून सांगायचा. जिन्यात थांबला की फोन काढायचा... इथेसुद्धा." 'हट्ट' या शब्दावर तिचं बोट थांबलं. मी म्हणालो, "तो खोडतो."

"राहू दे. हट्टीच होता."

मग तिने कागद उलटला. माझे तक्ते एका बाजूलाच छापलेले असतात, त्यामुळे मागे पाहण्याचा प्रश्नच मला कधी पडला नव्हता. मागच्या कोऱ्या बाजूवर मिलिंदने पेनाने तीन रकाने आखले होते, वाकडेतिकडे. खाली एकच ओळ, फ्रिजवरच्या तक्त्यात असायचं तशाच अक्षरात.

'अजय – १२ मिनिटं उशीर – कारण: वरून नदी दिसत असणार. थांबू दे त्याला.'

वैशालीने कागद मागून घेतला. तो आता त्यांच्या फ्रिजवर आहे, मागची बाजू समोर करून. फोटो अजून ठरलेला नाही.